बारा टक्क्यांची उधारी : बिलिंग सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदी

प्रकल्प : घाऊक औषधविक्रेत्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर, पुणे. टीममध्ये चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि सपोर्टला दोघी. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, दोन आठवड्यांचा. नोंदी मी ठेवते आहे. २००९ पासून या कोडमध्ये आहे.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेची ५६वी बैठक आटोपली आणि दर जाहीर झाले. १२ आणि २८ चे टप्पे जाणार. ५ आणि १८ राहणार, काही ठरावीक वस्तूंना ४०. आपल्या कामाचं एवढं : बहुतेक औषधं १२ वरून ५ वर. ३३ औषधं १२ वरून थेट शून्यावर, आणखी तीन ५ वरून शून्यावर. ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, डायपर १२ वरून ५. टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, थर्मामीटर १८ वरून ५. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. रविवार सोडून, आज धरून कामाचे दिवस चौदा, कारण परवा अनंत चतुर्दशी आणि विसर्जनाच्या दिवशी पेठांमध्ये कोणी ऑफिसला पोहोचत नाही.

सकाळी नऊपासून फोन सुरू आहेत. स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, पंधरा मिनिटांचा असतो, आज चाळीस मिनिटं चालला. सगळ्यांचा सूर एकच : मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत) दर बदलायचा, बाकी काय?

मला तसं वाटत नाही. उद्या कोड उघडून बघते, मग बोलते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बघितलं. भीती खरी निघाली.

बिलाच्या ओळींच्या टेबलात माल आहे, बॅच आहे, नग आहेत, भाव आहे. कराचा दर नाही. दर फक्त आयटम मास्टरला. कराची एकूण रक्कम बिलाच्या मथळ्यात साठवलेली आहे, पण छापताना आणि रिटर्न, म्हणजे परत आलेला माल, घेताना ती वाचलीच जात नाही. प्रत्येक वेळी मास्टरमधला आजचा दर उचलून नव्याने हिशेब होतो.

म्हणजे २२ तारखेला मास्टरमध्ये ५ टाकले की ऑगस्टचं बिलसुद्धा ५ टक्क्यांनी छापलं जाणार. उदाहरण करून पाहिलं. ऑगस्टचं एक बिल, करपात्र रक्कम ४,२६०. १२ टक्के कर ५११.२०, बिल ४,७७१. दर बदलून तेच बिल पुन्हा छापलं : ४,४७३. दुकानदाराच्या हातात ४,७७१ चा कागद, आपल्या स्क्रीनवर ४,४७३. फरक २९८ रुपयांचा आणि दोन्ही कागदांवर बिल नंबर एकच.

दर उचलणारी ही क्वेरी (डेटा मागवणारी आज्ञा) मी लिहिली आहे. जून २०१७, १ जुलैला जीएसटी लागायच्या आधीचे दहा दिवस. व्हॅटच्या काळात औषधांचा दर इतका क्वचित हलायचा की ओळीत दर साठवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. जीएसटीच्या घाईत तोच सांगाडा ठेवला. तेव्हा ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणेन. १ जुलैला बिल निघणं महत्त्वाचं होतं आणि ते निघालं. पण ही तात्पुरती सोय आहे असं मी कुठेही लिहून ठेवलं नाही. ना कोडमध्ये, ना बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत. आठ वर्षांत टीममध्ये जे आले त्यांना ही पद्धतच वाटली.

८ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस सपोर्टच्या टेबलापाशी गेला. आधीच जायला हवं होतं.

सपोर्टच्या ताईंकडे एक दोनशे पानी वही आहे, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. मी विचारलं, “ताई, दर बदलला की काय फोन येतात तुम्हाला?” त्यांनी काही न बोलता वही उघडून पुढे केली. पान सोळा. निळ्या पेनाने लिहिलेलं :

जुनं बिल परत छापायचं असेल (दर बदललेला माल) –
आयटम मास्टर उघडायला सांगणे. जुना दर टाकणे. बिल छापणे. नवीन दर परत टाकणे. परत टाकला का, विचारणे.

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. आणि समासात काड्या : चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. पान भरून समास संपला म्हणून काड्या मागच्या पानावर गेल्या आहेत.

“परत टाकला का, हे का विचारता?”

“नाही विचारलं तर विसरतात. मग दिवसभराची बिलं जुन्या दराने जातात. मग संध्याकाळी त्यांचा सीए फोन करतो, आणि तो ओरडतो तो आमच्यावर.”

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? ताई म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं होतं ना २०१७ मध्ये, सध्या असं करा, तात्पुरतं आहे. तात्पुरतं संपलं की पान फाडणार होते.”

हे ऐकून मी जागेवर येऊन बराच वेळ नुसती बसले. उचल मी घेतली, व्याज त्या भरत होत्या, फोनगणिक. आमच्या कुठल्याच आकड्यात ते दिसलं नाही. वेलॉसिटी (टीमच्या कामाचा वेग) ठीक होती, स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) वेळेत बंद होत होत्या, बग फार नव्हते. कारण ज्याला उपाय माहीत आहे त्याला ताई बग म्हणून नोंदवतच नव्हत्या.

वहीत अशी एकतीस पानं आहेत. सगळ्यांचे फोटो काढले. आजपासून बॅकलॉगचा पहिला आधार ही वही.

९ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांशी बोलणं. ते म्हणाले, “अगं, बारा जिथे आहे तिथे पाच करायचं. दोन दिवसांचं काम आहे. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरीचं काम चालू स्प्रिंटमध्ये आहे, दसऱ्याचा शब्द दिलाय मी पार्टीला.”

याआधी दोनदा मी त्यांना टेक्निकल डेट (कोडमध्ये घाईत उचललेली उधारी, जिचं व्याज पुढे भरावं लागतं) हा शब्द वापरून समजावायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा ते ऐकून घेऊन पुढच्या विषयावर गेले. आज तो शब्द काढलाच नाही. विचारलं, “साहेब, २१ तारखेला विकलेला माल २५ ला परत आला तर क्रेडिट नोट कितीची?”

त्यांच्या घरची मेडिकल एजन्सी होती, ते काउंटरवर वाढलेत. लगेच म्हणाले, “बाराने विकला, बारानेच परत.” मग थांबले. “आणि एक्सपायरी?”

तेच तर. एक्सपायरीचा माल वर्ष-दीड वर्षाने परत येतो. पार्टीने तो क्रेडिट नोटने परत केला तर कर मूळ बिलाच्याच दराने काढावा लागतो. २२ तारखेला १२ टक्के विक्रीतून जातील, रिटर्नमधून जाणार नाहीत. पुढचा बराच काळ दोन्ही दर शेजारी शेजारी चालणार. आपल्या मास्टरमध्ये जागा एकाच दराला.

साहेबांनी माझ्यासमोरच व्हॉट्सॲपवाल्या पार्टीला फोन लावला आणि दसऱ्याऐवजी दिवाळीनंतर असं सांगितलं. चालू स्प्रिंट रद्द केला. स्क्रममध्ये, म्हणजे आम्ही पाळतो त्या कामाच्या पद्धतीत, स्प्रिंटचं उद्दिष्टच कालबाह्य झालं तर प्रॉडक्ट ओनरला (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याला) तो रद्द करता येतो. इतक्या वर्षांत आम्ही ते पहिल्यांदा केलं. उगाच जुनं काम ओढत राहिलो असतो तर दोन्ही अर्धवट राहिली असती.

११ सप्टेंबर, गुरुवार

ठरलेली रचना : दरांचं वेगळं टेबल, प्रत्येक दराला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’. बिल होताना त्या तारखेचा दर शोधून ओळीत कायमचा लिहायचा. छपाई आणि रिटर्न ओळीतला दर वाचतील, मास्टरकडे बघणार नाहीत.

हात लावण्याआधी टेस्ट. या हिशेबाला एकही टेस्ट नव्हती. म्हणून जुन्या कोडवर लिहिणारे मायकेल फेदर्स ज्याला कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतात ती वाट धरली : कोडने काय करायला हवं ते बाजूला ठेवायचं, आज तो जे करतो ते जसंच्या तसं टेस्टमध्ये बांधायचं. चारशे बिलं निवडली. १०+१ च्या (दहावर एक फुकट) स्कीमची, तुटक्या मालाची, सुट्या गोळ्यांची, राज्याबाहेरची. पैशापर्यंतचे आकडे गोठवले. दोन दिवस यातच गेले आणि ते वाया गेलेले नाहीत, कारण आता आमचा सगळ्यात नवा मुलगाही त्या फाइलला हात लावायला घाबरत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज फार मोलाची गोष्ट सापडली.

जुन्या बिलांच्या ओळींत दर भरायचा होता. ओळींत दर नाही, पण मथळ्यात कराची एकूण रक्कम आहे. म्हणून उलटा हिशेब : प्रत्येक ओळीला मास्टरमधला दर लावायचा, बेरीज करायची, मथळ्याशी ताडायची. रुपयाच्या आत जुळलं तर तो दर ओळीत लिहायचा. एका पार्टीच्या परवानगीने त्यांच्या आठ वर्षांच्या डेटावर, नावं झाकून, हे चालवलं.

बहुतेक जुळली. न जुळलेली तारखेप्रमाणे लावली तर ती विखुरलेली नव्हती, ठरावीक जागी ढीग होते.

पहिला ढीग १५ नोव्हेंबर २०१७ च्या आधी. शाम्पू आणि तत्सम माल २८ वरून १८ वर आला तो दिवस. दुसरा २७ जुलै २०१८ च्या आधी, फक्त सॅनिटरी नॅपकिन. त्या दिवशी ती १२ वरून करमुक्त झाली. तिसरा १४ जून ते ३० सप्टेंबर २०२१. कोविडची सवलत, सॅनिटायझर १८ ऐवजी ५, ऑक्सिमीटर १२ ऐवजी ५.

मग कोडमध्ये त्या तारखा शोधल्या. तिन्ही ठिकाणी एकेक इफ (‘असं असेल तर’ ही अट) सापडली, तीन वेगळ्या हातांनी लिहिलेली. एकीत एचएसएन (मालाचा वर्गीकरण कोड) तपासलाय, एकीत मालाच्या नावातली अक्षरं, तिसरीत आयटमचे कोड एकामागोमाग टाइप केलेत. प्रत्येकाने आपल्यापुरतं, दोन दिवसांत, स्प्रिंट न हलवता भागवलं होतं. ताईंच्या समासातल्या काड्यासुद्धा याच महिन्यांत दाट आहेत, पडताळून पाहिलं.

तीनदा घंटा वाजली होती आणि तीनदा आम्ही फक्त आवाज बंद केला. एकदाच दर बदलला असता तर सोय चालून गेली असती. दुसऱ्यांदा तेच दार उघडावं लागलं तेव्हाच, म्हणजे २०१८ मध्येच, टेबल वेगळं करायला हवं होतं. सोबतच्या मुलांना हेच दाखवलं. कोड रिव्ह्यूत यापुढे हा एक प्रश्न ठेवायचा : या जागी याआधी कोणी असंच काही केलंय का?

१८ सप्टेंबर, गुरुवार

कालच्या तारखेची अधिसूचना, ९/२०२५, केंद्रीय कर (दर). औषधांचे ५ टक्के आता कागदावर. हातात सुटीचे दिवस धरून चार.

करमुक्त औषधांची अधिसूचना वेगळी, आणि तिथे अडचण. यादी औषधाच्या नावाने आहे : एमिसिझुमॅब, रिसडिप्लाम, एव्होलोक्युमॅब. एचएसएन लावून चालणार नाही, कारण ३००४ या औषधांच्या कोडखाली ५ टक्क्यांचीही औषधं आहेत आणि शून्याचीही. आणि आपल्या मास्टरमध्ये औषधाचं मूळ नाव हा रकाना अर्ध्या पार्ट्यांनी भरलेलाच नाही, फक्त ब्रँडचं नाव.

नीट उपाय म्हणजे मूळ नावांचा मास्टर. तो चार दिवसांत होत नाही. म्हणून नवी उधारी उचलली : टेस्टर मॅडम आणि ताई ब्रँडच्या नावांची यादी हाताने करताहेत, ती दर आठवड्याला पाठवायची. पण या वेळी लिहून. भिंतीवर कागद लावलाय, चार रकाने : काय उचललं, का उचललं, व्याज कोण भरतं, कधी फेडायचं.

तिसरा रकाना माझ्या आग्रहाने आला. तिथे माणूस लिहायचा, विभाग नाही. पहिल्या ओळीत लिहिलंय : ताई, दर सोमवारी, दोन तास.

२० सप्टेंबर, शनिवार

बांधणी, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, पार्ट्यांना पाठवायला सुरुवात. एप्रिल २०२४ आधीच्या बिलांत दर भरला नाही. ती छापायला गेलं तर स्क्रीन अडवते आणि कारण सांगते. चुकीचा कागद देण्यापेक्षा नाही म्हणणं बरं. ही कागदावरची दुसरी ओळ.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

सकाळी साडेनऊला पहिलं बिल ५ टक्क्यांनी निघालं. २.५ केंद्राचे आणि २.५ राज्याचे. ऑफिसात टाळ्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन : बिल बारानेच येतंय. मग आणखी सहा. सगळी वेगवेगळ्या गावांतली, सगळ्यांना बांधणी मिळालेली.

दोन तास गेले. शेवटी एका पार्टीच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं : ९/२२/२०२५. त्या मशीनवर महिना आधी, दिवस नंतर. आमचं एक जुनं फंक्शन तारीख अक्षरांत घेतं, ‘२२/०९/२०२५’, आणि मशीनच्या पद्धतीने तिची तारीख करतं. बाविसावा महिना नसतो, रूपांतर फसतं, आणि फसलं तर फंक्शन मुकाट्याने मास्टरचा जुना दर देतं. आजवर त्या फंक्शनवर पैशाचं काही अवलंबून नव्हतं. आम्हीच परवा ते दर शोधायला वापरलं. आमच्या सगळ्या मशीनवर दिवस आधी असतो, म्हणून टेस्टमध्ये दिसलं नाही.

हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, १२.४० ला गेला. तारीख आता कुठेही अक्षरांत फिरत नाही, आणि दर सापडला नाही तर बिल अडतं, अंदाजाने पुढे जात नाही. त्या सात पार्ट्यांची सकाळची बिलं ताईंनी एकेक करून रद्द करून दिली. दुपारचं जेवण चार वाजता.

संध्याकाळी एक प्रश्न : माल नुसत्या चलनावर (बिलाशिवाय) २० ला गेला, बिल आज, पैसे पुढे कधीतरी. दर कुठला? सीएंकडून खात्री केली. जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नवा, कारण बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे. आपलं सॉफ्टवेअर बिलाची तारीखच बघतं, त्यामुळे इथे बरोबर ठरलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार – रेट्रो (झालेल्या कामाचा आढावा)

नवा मुलगा म्हणाला, २२ ची तारखेची भानगड हीसुद्धा उधारीच ना? त्यावर बरंच बोलणं झालं.

प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये कर्जाची उपमा दिली तेव्हा ते गुंतवणूक सांभाळणाऱ्या एका प्रणालीवर काम करत होते. पैशाच्या लोकांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यांचा भर फेडीवर होता. थोडं कर्ज कामाला वेग देतं, पण फेड लवकर व्हायला हवी. घाणेरडा कोड लिहायची परवानगी त्यात नव्हती. पुढे २००९ मध्ये सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी त्यात फोड केली : जाणूनबुजून घेतलेलं आणि नकळत झालेलं, विचाराने आणि बेफिकिरीने. माझी २०१७ ची क्वेरी जाणूनबुजून घेतलेली. तारखेचं फंक्शन नकळत. पहिलीला कागद पुरतो. दुसरं कागदावर येऊच शकत नाही, ते फक्त टेस्टने आणि वेगळ्या मशीनने सापडतं. म्हणून आजपासून टेस्टची दोन मशीन मुद्दाम महिना-आधीवर ठेवली आहेत.

साहेब आज पहिल्यांदा रेट्रोला बसले. भिंतीवरचा कागद वाचून म्हणाले, “ही खतावणी दर महिन्याला माझ्या टेबलावर पाहिजे.”

११ ऑक्टोबर, शनिवार

सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राचा, शेवटचा दिवस. एचएसएनच्या गोषवाऱ्यात एकाच औषधाच्या दोन ओळी येतात, २१ पर्यंत १२ आणि पुढे ५. दोन्ही बरोबर आल्या. दर ओळीत असल्यामुळे हे वेगळं करावंच लागलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरचं प्लॅनिंग. कोणीतरी सुचवलं, एक अख्खा स्प्रिंट फक्त साफसफाईला देऊ. मी विरोध केला. गेल्या वर्षी ते करून पाहिलंय. दोन आठवडे आम्ही आपल्या आवडीच्या फाइली नीटनेटक्या केल्या, ज्यांना पुढे वर्षभर कोणी हात लावला नाही. आणि स्प्रिंटच्या शेवटी ग्राहकाला दाखवायला काही नव्हतं, म्हणून पुन्हा तसा स्प्रिंट मागायची सोय राहिली नाही.

या वेळी वहीतलं एक पान त्या-त्या स्टोरीला जोडायचं. व्हॉट्सॲपची ऑर्डर रिटर्नच्या स्क्रीनला हात लावणार आहे, तर एक्सपायरी रिटर्नचं पान तिच्यासोबतच. दोन्ही मिळून स्टोरी पूर्ण, एक झालं आणि एक राहिलं तर अपूर्ण. पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) जास्त दिसतील, दिसू देत.

२००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा आला, त्याच्या बारा तत्त्वांपैकी नववं सांगतं की तांत्रिक गुणवत्तेकडे सतत लक्ष दिलं तर चपळाई वाढते. आम्ही वर्षानुवर्षं स्टँडअप आणि स्प्रिंट पाळले, ते नववं मात्र सोडून. त्यातला ‘सतत’ हा शब्द मला आता महत्त्वाचा वाटतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

३० तारखेनंतर गेल्या आर्थिक वर्षाच्या बिलांवर करासह क्रेडिट नोट देता येत नाही, त्यामुळे आठवडाभर एक्सपायरी रिटर्नची झुंबड. सगळे जुने माल, सगळे १२ टक्क्यांचे. आज एकाच पार्टीने १८४ ओळींचं रिटर्न चढवलं. प्रत्येक ओळीने आपल्या मूळ बिलातला दर उचलला. फोन आला नाही. पार्टीच्या बॅकअपमध्ये मी स्वतः जाऊन पाहिलं तेव्हा कळलं.

खतावणीतली दुसरी ओळ फिटली, मागे जात २०२२ पर्यंतच्या बिलांत दर भरून झालाय. पहिली अजून आहे. मूळ नावांचा मास्टर निम्मा झाला, ताईंचे सोमवारचे दोन तास आता पाऊण तासावर आलेत.

पान सोळा फाडायचं का, ताईंना विचारलं. नको म्हणाल्या. गडहिंग्लजच्या दोन पार्ट्या अजून जुन्या बांधणीवर आहेत, तिथे इंटरनेट धड चालत नाही. सोमवारी आपला माणूस कोल्हापूरला चाललाय, त्याच्याकडे पेन ड्राइव्ह द्यायचा आहे. त्या मशीनवर तारीख कशी दिसते तेही त्याला बघायला सांगायचं.